मृगापासून दसऱ्यापर्यंत: गादीतले माइट, आयजीई आणि कोकणातला दमा

मृग लागला की कोकणात दोन गोष्टी फुगतात, दारं आणि नाकं. दारं सुतार रंधा मारून सोडवतो. नाकासाठी मेडिकलमधून सेटिरिझिनची पट्टी येते, छातीत घरघर सुरू झाली तर निळा पंप येतो, आणि गणपतीची साफसफाई निघेपर्यंत दोन्ही संपलेलं असतं. 'हवा बाधते' म्हणून आपण विषय मिटवतो. हवा बाधते हे खरंच आहे. पण त्या हवेतलं नेमकं काय बाधतं, ते शरीरातल्या कुठल्या पेशीला जाऊन भिडतं आणि कुठलं औषध त्या वाटेवर कुठे आडवं येतं, हे गेल्या शंभर वर्षांत बरंच उलगडलंय. ते समजलं की गादीचं काय करायचं इथपासून रोज कुठला पंप घ्यायचा इथपर्यंतची उत्तरं बदलतात.

आधी गादीबद्दल. डस्ट माइट हा कोळ्यांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एक, आठ पायांचा, लांबीला पाव मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही, ढेकणाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या अंगावरून झडलेले कातडीचे कण हे त्याचं अन्न. पाणी त्याला प्यावं लागत नाही. पुढच्या पायांच्या बुडाशी ग्रंथी असतात, त्यातून खारट द्रव पाझरतो, तो हवेतलं बाष्प ओढून घेतो आणि तोंडापर्यंत वाहत जातो. त्यामुळे हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाऊन तिथेच टिकली, तर माइट वाळून मरतो. देशावर उन्हाळ्यात हे काम फुकटात होतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या लागतात. माइटला याहून चांगला मुलूख कुठे मिळणार?

धुळीची अ‍ॅलर्जी ही खरं म्हणजे माइटची अ‍ॅलर्जी असते, हे १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांच्या गटाने दाखवलं. त्यांच्याकडेही समुद्र आणि ओल, आणि दमट घरांतली धूळ जास्त बाधते ही त्यांचीही तक्रार. मग १९८१ मध्ये टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी पुढचा तुकडा जोडला. अ‍ॅलर्जी करणारं मुख्य प्रथिन माइटच्या लेंड्यांमधून येतं. एक माइट दिवसाला वीसेक लेंड्या टाकतो, प्रत्येक साधारण २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढा कण हवेच्या मानाने जड असतो. चादर झटकली, गादी उलटली, उशीवर धप्पकन डोकं टेकलं की उडतो आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतो. मांजराच्या अ‍ॅलर्जीचे बरेच कण याच्या चौथाई आकाराचे असतात, ते तासन्‌तास तरंगतात. म्हणून मांजर असलेल्या घरात पाऊल टाकताच शिंका सुटतात, आणि माइटवाल्याला मात्र 'धुळीची अ‍ॅलर्जी आहे' हे वर्षानुवर्षं कळत नाही. तो रोज रात्री सात-आठ तास त्या धुळीत नाक खुपसून झोपलेला असतो, पण त्यात अचानक असं काहीच घडत नाही.

त्या प्रथिनाचं नाव डेर पी १. ते मुळात पचनाचं एन्झाइम आहे, माइटला कातडीचे कण पचवायला लागतं. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर पडलं की तिथेही ते तेच काम करतं. अस्तराच्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी चिकटलेल्या असतात ती कापतं आणि आत वाट करून घेतं. निरुपद्रवी धुळीवर शरीर एवढं का चिडतं, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. ती धूळ तितकीशी निरुपद्रवी नाहीच.

आत शिरल्यावर काय होतं, ती गोष्ट माशापासून सुरू होते, म्हणून ती कोकणात सांगायला सोपी. १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला मासा खाल्ला की अंगावर गांधी उठायच्या, आणि गंमत म्हणजे शिजवलेल्या माशाने. प्राउस्निट्झला माशाचं काही होत नव्हतं. त्याने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव भाग, सीरम, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी करणारी गोष्ट रक्तात विरघळलेली आहे, ती एका माणसातून दुसऱ्यात नेता येते आणि कातडीत जाऊन चिकटून बसते.

ती गोष्ट कुठली, हे शोधायला पुढची ४५ वर्षं लागली. कारण ती रक्तात असते फार थोडी, नेहमीच्या आयजीजी प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) तुलनेत हजारो पटींनी कमी. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने रॅगवीड नावाच्या रानटी झाडाच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या सीरममधून ती वेगळी काढून दाखवली. त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे जोहान्सन आणि बेनिच यांना मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रतिपिंड भरपूर सापडला. दोन्ही एकच निघाले, आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत नाव पक्कं झालं, इम्युनोग्लोब्युलिन ई. लॅबच्या रिपोर्टवर छापलेलं असतं ते हेच आयजीई.

आता साखळी लावूया. माइटचं प्रथिन अस्तराखाली आलं की डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथे प्रतिकारशक्तीच्या टी पेशींपैकी काही टीएच२ प्रकारच्या होतात. त्या आयएल-४ आणि आयएल-१३ हे निरोप सोडतात, आणि ते मिळाल्यावर बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, आयजीई बनवायला लागतात. रक्तातलं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होतं. पण मास्ट पेशींवर एकदा जाऊन बसलं की आठवडेच्या आठवडे टिकतं. मास्ट पेशी नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनलिकांच्या अस्तराखाली ठाण मांडून असतात. इथपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही. या टप्प्याला वर्षंही लागू शकतात, त्यामुळे 'इतकी वर्षं याच घरात राहतोय, तेव्हा नाही झालं ते' हा युक्तिवाद टिकत नाही.

पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधलं, की मास्ट पेशी आपला साठा ओतते. हिस्टामिन लगेच बाहेर पडतं, प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं काही मिनिटांत तयार होतात. दहा-पंधरा मिनिटांत शिंका, खाज, पाणी, छाती आवळणं. तास-दोन तासांत ओसरतं आणि माणूस म्हणतो, बरं झालं. पण याच दरम्यान रक्तातून इओसिनोफिल पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, बोलावल्या गेलेल्या असतात. त्या चार ते आठ तासांनी अस्तरात जमतात आणि तिथे सूज धरते, कफ घट्ट होतो, नलिका चिडखोर होतात. गणपतीआधी माळा झाडला दुपारी तीनला, रात्री दहाला खोकल्याची उबळ आली, आणि दोष गेला जेवणातल्या ताकाला! बिचारं ताक. दुसऱ्या टप्प्याचं हे वेळापत्रक ठाऊक नसल्यामुळे कोकणातल्या निम्म्या घरांत दही, केळं आणि पेरू विनाकारण बंद आहेत.

आयजीईशिवायही ही सूज पेटते. २०१० च्या सुमारास जपान आणि ब्रिटनमधल्या गटांनी आयएलसी२ या पेशी वर्णन केल्या. त्यांना ओळखीचं प्रथिन लागत नाही. अस्तराला इजा झाली की ते टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे निरोप सोडतं, ते मिळताच या पेशी थेट आयएल-५ आणि आयएल-१३ ओततात आणि इओसिनोफिल येतात. अस्तराला इजा कशाने होते? सर्दीच्या विषाणूने, चुलीच्या धुराने, डासांच्या कॉइलने, धूप-अगरबत्तीने. संध्याकाळी दारं लावून कॉइल पेटवायची आणि रात्री पंप शोधायचा, हा प्रकार त्यामुळे थांबवावा. मच्छरदाणी बरी, मात्र तीही धुवायला हवी.

आंब्याच्या मोहोराबद्दल नेहमी विचारलं जातं. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या आणि इतर किडे करतात, पराग चिकट असतात, वाऱ्यावर लांब जात नाहीत. बागेला लागून असलेल्या घरात त्रास होत असेल तर मोहोराच्या उग्र वासाने आणि भुरीवर मारलेल्या गंधकाने नाक झोंबतं का, ते आधी पाहावं. झोंबणं आणि अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोंबण्यावर अँटिहिस्टामिनचा फारसा उपयोग होत नाही.

आता कोळंबी. माइट आणि कोळंबी दोघंही सांधेपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे जीव. दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते एकमेकांसारखं दिसतं. झुरळाचंही तसंच. त्यामुळे माइटविरुद्ध तयार झालेलं आयजीई काही जणांत कोळंबी, कुर्ल्या, शेवंडं यांनाही ओळखतं. हे प्रथिन उकळून मरत नाही, पाण्यात उतरतं. म्हणून 'फोडी खाऊ नको, नुसता रस्सा घे' हा सल्ला धोक्याचा आहे. रश्श्यात ते भरपूर असतं, कोळंबी उकडताना निघणाऱ्या वाफेतून उडालेल्या तुषारांतही असतं. वाळवलेल्या जिनसा आणखी वाईट. सोडे तव्यावर भाजताना, जवळा पाखडताना जी बारीक पूड उडते ती सरळ नाकात जाते. कोळंबी आणि खेकडा सोलण्या-उकडण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना यातून दमा होतो, हे जगभर नोंदलं गेलंय. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी आणि कामाला गेलं की घरघर असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. माइटची अ‍ॅलर्जी आहे आणि रिपोर्टमध्ये कोळंबीपुढे 'पॉझिटिव्ह' आलंय, पण माणूस आयुष्यभर कोळंबी मजेत खातोय, तर ती बंद करायची काही गरज नाही. चाचणी फक्त आयजीई आहे एवढं सांगते, त्रास होईलच असं नाही. आणि बांगडा-पापलेट हे वेगळं खातं. माशांची अ‍ॅलर्जी पार्व्हाल्ब्युमिन या दुसऱ्याच प्रथिनाची असते. कोळंबी चालत नाही म्हणून मासे सोडायची गरज नसते.

इथे एक नेहमीची गफलत. बांगडा, कुपा, तारली हे मासे पकडल्यावर बर्फात नीट ठेवले नाहीत, तर जिवाणू त्यांच्या मांसातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की अर्ध्या-पाऊण तासात तोंड लाल, कान गरम, डोकं ठणकतं, अंगाला खाज. दिसायला हुबेहूब अ‍ॅलर्जी, कारण मास्ट पेशीतून येणारंच रसायन ताटातून आलेलं असतं. पण ती विषबाधा असते. पंगतीत एकाच्या जागी चार जणांना झालं, आणि त्याच माणसाला पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा पचला, की ओळखावं. शिजवून हिस्टामिन जात नाही. तिखट-आंबट जास्त घालूनही जात नाही. पकडल्यापासून चुलीपर्यंत बर्फ, एवढाच इलाज.

खरी अ‍ॅलर्जी अंगभर भडकली, म्हणजे गांधींसोबत धाप, आवाज बसणं, उलट्या, चक्कर असं काही सुरू झालं, तर सेटिरिझिन देऊन वाट पाहू नये. तिथे औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन. मोठ्या माणसाला १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या अ‍ॅम्प्युलमधलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूने, स्नायूत. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते असायला हवं. रुग्णाला आडवं ठेवून न्यावं, दम लागत असेल तर टेकून बसवावं. रिक्षात बसवायला उठवून चालवत नेऊ नये.

औषधांकडे वळूया. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन हिस्टामिनला अडवतात. नाकात, कातडीत हिस्टामिनचा वाटा मोठा, तिथे त्या चालतात. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्राइनचा वाटा बराच मोठा आणि सूज इओसिनोफिलची, म्हणून दम्यावर या गोळ्या जवळपास निरुपयोगी. माँटेल्युकास्ट ल्युकोट्राइनला अडवतं. घेताना स्वप्नं, चिडचिड, उदासी वाढली तर लगेच सांगावं. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. निळ्या पंपातलं साल्बुटामॉल नलिकेभोवतीचे स्नायू सैल करतं, पाच मिनिटांत बरं वाटतं, चार ते सहा तास टिकतं. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप, आणि तो काम करायला दिवस-आठवडे घेतो. लगेच बरं वाटत नाही म्हणून नेमका तोच बंद केला जातो, आणि निळा चालू राहतो. नुसत्या निळ्या पंपावर राहणाऱ्यांत गंभीर झटके जास्त येतात, म्हणून २०१९ पासून 'जीना' या जागतिक मार्गदर्शिकेने मोठ्या माणसांना आणि किशोरांना एकटं साल्बुटामॉल देणं बंद करायला सांगितलंय. त्याऐवजी स्टेरॉइड आणि नलिका सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप सुचवला जातो. पंपाची सवय लागते ही खोटी समजूत ज्याने पसरवली त्याला दंडवत. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तोंडावाटे घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळीतला मिलिग्रॅममध्ये.

वरच्या कड्यांवर काम करणारी इंजेक्शनंही आता आहेत. ओमालिझुमॅब सुटं आयजीई पकडतं (अमेरिकेत २००३ पासून), मेपोलिझुमॅब आयएल-५ अडवतं, टेझेपेलुमॅब थेट टीएसएलपी. महाग आहेत आणि मोजक्या रुग्णांना लागतात. ती लिहून देण्याआधी पंप नीट घेतला जातोय का हे पाहायला हवं, कारण बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

कोकणात हा घोळ दुप्पट. आपल्याकडे रोटाकॅप, म्हणजे पावडरची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची पद्धत फार चालते. स्वस्त आहे, चांगलीही आहे, पण पावसाळ्यात ओल तिचा घात करते. पावडर गोळा होते, कॅप्सूल मऊ पडून नीट उघडत नाही, आणि निम्मं औषध यंत्रातच चिकटून राहतं. कॅप्सूल तिच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. एका वेळी एकच काढा, कोरड्या हाताने. आठवड्याच्या कॅप्सूल काढून गोळ्यांच्या डबीत भरून ठेवू नका. बाटली न्हाणीघरात, मोरीपाशी, फ्रीजमध्ये नको. फ्रीजमधून बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. यंत्रात तोंडाने श्वास सोडायचा नाही, त्या एका फुंकरीने पावडर ओली होते. आधी बाजूला तोंड करून श्वास पूर्ण सोडा, मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढा, दहा सेकंद रोखा. कॅप्सूलमध्ये पावडर दिसत असेल तर पुन्हा ओढा. यंत्र धुतलं तर पूर्ण सुकायला पावसात दिवसही पुरत नाही, म्हणून दोन यंत्रं ठेवून आलटून-पालटून वापरावीत.

गॅसच्या पंपाचं उलट. तो हलवायचा, श्वास सोडायचा, आणि आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा, हळू ओढायचं. जोरात ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. एका श्वासाला एकच दाब, दुसऱ्याआधी निदान अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवायचा. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची नळी, असली तर बरंच सोपं होतं. लहान मुलाने त्यातून शांतपणे पाच श्वास घेतले तरी चालतं. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. स्टेरॉइडचा पंप झाला की खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात.

झटका आला आणि घरात निळाच पंप असेल, तर स्पेसरमधून ४ ते १० दाब, एकेक करून. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी पुन्हा देता येतात. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप देत देतच निघायचं. वाडीपासून मोठा दवाखाना दोन घाट लांब असेल तर तासभर वाट पाहून मग निघणं परवडत नाही.

चाचण्यांत सगळ्यात कामाची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वासातली हवा मोजणं. फुंकून झाल्यावर साल्बुटामॉलचे ४ दाब, १५ मिनिटांनी परत फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, की दम्याच्या बाजूने कौल. कारण कळायला कातडीवरची प्रिक टेस्ट. हातावर थेंब, त्यातून सुईचा हलका टोचा, १५ ते २० मिनिटांनी गांध मोजायची. ३ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, मात्र तुलनेसाठी लावलेल्या सलाइनच्या थेंबापेक्षा तेवढी मोठी हवी आणि हिस्टामिनच्या थेंबाला गांध उठलेली हवी. त्याला उठली नसेल तर बहुधा रुग्णाने आदल्या दिवसांत अँटिहिस्टामिन घेतलंय, सगळी चाचणी बाद. आठवडाभर आधी ती गोळी थांबवावी. स्टेरॉइडचा पंप थांबवायचा नाही. थेंबांत आपल्याकडचा ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा उष्ण-दमट मुलखातला माइट आहे का, तेही विचारा. आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाने उठणाऱ्या पुरळासाठी ही चाचणी नाही. ते टी पेशींचं काम, दोन-तीन दिवसांनी दिसतं, त्याला पाठीवर पट्टी लावायची वेगळी चाचणी असते.

नुसतं 'टोटल आयजीई' करून पैसे घालवू नयेत. जंतांनीही ते वाढतं. ते ५०० च्या वर असेल, दमा आवरत नसेल आणि खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील, तर अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी फुप्फुसात रुजलीय का ते पाहावं लागतं. याला एबीपीए म्हणतात, आणि एक्स-रेवरचे डाग पाहून यातल्या काहींना आधी टीबीची औषधं दिली जातात. रक्तातल्या इओसिनोफिल ३,००० च्या पुढे आणि रात्री खोकला असेल, तर तो दमा नसून हत्तीरोगाच्या जंतूंची फुप्फुसातली प्रतिक्रिया असू शकते. त्याला डीईसी नावाची गोळी तीन आठवडे लागते, पंप नाही. आणि बुरसटलेल्या पेंढ्याची उडवी मोडल्यावर चार-आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आला, तर तिथे आयजीईचा हात नसतो. अशा वेळी त्या पेंढ्यापासूनच लांब राहावं लागतं, पुन्हा पुन्हा झालं तर फुप्फुस कायमचं घट्ट होतं.

आता परत अंथरूण. सावरीच्या कापसाची जुनी उशी आणि गादी ही माइटची सर्वांत आवडती जागा, आणि ती धुता येत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी या बाबतीत कितीतरी सरस, ती उकळत्या पाण्यात जाते. माइट मरायला पाणी ५५ ते ६० अंशांना लागतं. थर्मामीटर नसेल तर हिशेब असा: तीन भाग खळखळतं पाणी आणि दोन भाग नळाचं, म्हणजे साधारण ७० अंश. कोरडी गोधडी बुडवल्यावर ते साठीच्या आसपास येतं. दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं, काठीने खाली दाबायचं, मुलांना लांब ठेवायचं. गार पाण्यात धुतलं तरी फुकट जात नाही, डेर पी १ पाण्यात विरघळतं आणि वाहून जातं. माइट मात्र बरेचसे जिवंत राहतात आणि पुन्हा कामाला लागतात. चादरी, अभ्रे आठवड्याला एकदा, गोधडी महिन्याला.

गादी टाकून देणं शक्य नसेल तर तिला चेन असलेलं, दाट विणीचं माइटरोधक कव्हर, छिद्रं १० मायक्रॉनच्या आतली, उशीलाही. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नये, आत घाम साचून बुरशी धरते. एकट्या कव्हरने दम्यात फार फरक पडत नाही. कव्हर, गरम धुणं, खाली जमीन कोरडी असं सगळं मिळून केलं तरच पैसे वसूल. जमिनीवर गादी टाकून झोपण्यापेक्षा बाज किंवा खाट बरी, खालून वारा खेळतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावं, मागच्या भिंतीवरचा काळा बुरा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा. कोरडा खरवडला की बीजाणू घरभर होतात. आधी कौल गळतंय का बघावं. वरून पाणी येत असताना भिंत पुसत राहण्यात अर्थ नाही.

आणि दसऱ्यानंतरचं ऊन. गाद्या अंगणात घालून दुपारचे तीन-चार तास दोन्ही बाजू तापवाव्यात, पावसाळा संपल्या संपल्या आणि परत मार्चमध्ये. उन्हाने माइट मरतात, पण मेलेले माइट आणि लेंड्या आतच राहतात, म्हणून ऊन दिल्यावर गादी बडवायलाच हवी. बडवणारा माणूस दम्याचा नको, वारा घराकडे वाहत नको, आणि गादी आत आणून अंथरल्यावर दम्याच्या माणसाने अर्धा तास त्या खोलीत पाऊल टाकू नये.